उसाच्या फडात मागे कोण आहे, हे पाठीला कसं कळतं?

कराड-पाटणच्या पट्ट्यात रात्रीची लाईट असली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, शेतात जावंच लागतं. हातात बॅटरी, खांद्यावर खोरं आणि दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस. या माणसांना विचारा, मागून कुणी बघत असलं तर कळतं का? नाही म्हणणारा क्वचित भेटतो. आमच्या वस्तीवरचे आप्पा तर प्रश्नच पुरा होऊ देत नाहीत. "कळतंय की! मानंवरचं क्यास हुबं ऱ्हात्यात." आणि मग ठरलेला किस्सा येतो. वाकून सरीचं तोंड मोडत होते, अंगावर सर्रकन काटा आला, बॅटरी मागे फिरवली तर बांधावर बिबट्या बसलेला. डोळे नुसते निखारे.

आप्पा खोटं सांगत नाहीत, हे आधीच मान्य करून टाकू. अशा किश्श्यांना 'भास झाला असेल' म्हणून उडवून लावणं सोपं असतं, पण बांधावर बिबट्या खरोखरच होता. प्रश्न तो नाही. या किश्श्यात दोन वेगळे दावे एकाच दोरीला बांधलेत, ते आधी सोडवले पाहिजेत. एक, बघणाऱ्याची नजर अंगाला जाणवते. दुसरा, न दिसणारं काहीतरी जवळ आलं की चाहूल लागते. पहिल्या दाव्याच्या मागे सव्वाशे वर्षं लोक हात धुऊन लागलेत आणि हाती काही आलेलं नाही. दुसरा दावा खरा आहे, आणि वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त गमतीदार आहे.

नजरेपासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एडवर्ड टिचनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. मागून कुणी टक लावून बघितलं की आपल्याला कळतं, असं त्यांच्या वर्गातले बरेच विद्यार्थी छातीठोकपणे सांगायचे. काहींचा तर उलटाही दावा होता, की आपण बघून पुढच्याला मान वळवायला लावू शकतो. टिचनर यांनी प्रयोग करून पाहिले, त्यात काही निघालं नाही, आणि 1898 साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी त्याबद्दल छोटासा लेख लिहिला. त्या लेखातलं स्पष्टीकरण आजही कुणाला फारसं सुधारता आलेलं नाही.

ते सातारा-कराड एसटीत बसून तपासता येतं. पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या पाठीमागे पंचवीस-तीस लोक आहेत, आणि पाठ उघडी ठेवून बसणं कुठल्याच प्राण्याला आवडत नाही. मग तो अस्वस्थ होतो, केस सारखे करतो, कॉलर ओढतो, शेवटी मान वळवतो. बसमध्ये बाकी सगळं जागच्या जागी असताना एक डोकं हललं की मागच्यांची नजर आपसूक तिकडे जाते. हलणारी वस्तू नजर ओढून घेते, हे डोळ्याचं जुनं काम आहे. मान पूर्ण वळेपर्यंत मागच्याचे डोळे तिथे पोचलेले असतात. नजरानजर होते. पुढच्याला वाटतं, हा बघत होता म्हणून मी वळलो. घडलेलं असतं नेमकं उलटं: तो वळला म्हणून हा बघत होता.

आणि ज्या वेळी मान वळवली पण मागे कुणीच बघत नव्हतं, किंवा मागून कुणी तासभर बघत होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता, त्या वेळा कुठे जातात? पहिल्या प्रकारच्या वेळा संध्याकाळपर्यंत विसरल्या जातात. दुसऱ्या प्रकारच्या वेळा तर आपल्याला कधी कळतच नाहीत, मग त्या हिशोबात धरणार कशा? उरतात त्या फक्त जुळलेल्या वेळा. पारावर बसून सांगितले जाणारे सगळे किस्से या उरलेल्यांतून येतात.

1913 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन कूव्हर यांनी हिशोबच मांडला. दहा माणसं, एकूण एक हजार वेळा प्रश्न: आत्ता मागून बघितलं जातंय की नाही? बरोबर उत्तरं आली 50.2 टक्के. छापा-काटा उडवून उत्तरं दिली असती तरी एवढीच आली असती.

इथे विषय संपायला हवा होता, पण संपला नाही. इंग्लंडमधले जीवशास्त्रज्ञ रूपर्ट शेल्ड्रेक यांनी 1990 च्या दशकापासून शाळांमधून, घरांमधून असे हजारो प्रयोग करवून घेतले, आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण 55 टक्क्यांच्या आसपास येतं असा दावा केला. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण हजारो वेळा केलेल्या प्रयोगात पाच टक्के जास्त हा निव्वळ योगायोग असू शकत नाही. कुठूनतरी माहिती पोचत होती हे नक्की. कुठून, हे शोधताना एक छान गोष्ट हाती लागली.

कुणाला सांगा, 'मनात येईल तसं छापा-काटा लिही, कसलाही क्रम ठेवू नको.' तो लिहील: छापा, काटा, छापा, छापा, काटा, छापा, काटा. खरं नाणं असं पडत नाही. ते सलग चार-पाच वेळा छापा दाखवतं आणि त्याला काही वाटत नाही. माणसाला मात्र तीनदा छापा आला की हात आखडतो, आता काटा यायलाच हवा असं त्याला वाटतं. शेल्ड्रेक यांच्या प्रयोगांत वापरलेल्या काही क्रमांमध्ये अशी अदलाबदल प्रमाणापेक्षा जास्त होती. उत्तर देणाऱ्याच्या डोक्यातही तीच खोड. शिवाय काही प्रयोगांत प्रत्येक उत्तरानंतर बरोबर की चूक हे सांगितलं जायचं, म्हणजे क्रमाची चाल ओळखायला मदतच. लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2000 साली हे दोन्ही तपासलं. शेल्ड्रेक यांचे क्रम वापरून आणि उत्तर सांगत गेलं तर लोक हळूहळू सुधारत गेले. खरोखर बेभरवशाचे क्रम आल्यावर ती सुधारणा गेली. लोक नजर ओळखत नव्हते, क्रम ओळखत होते, आणि तेही नकळत. मला विचाराल तर हा शोध सहाव्या इंद्रियापेक्षा मोठा आहे.

अजून एका जोडीचा उल्लेख करायला हवा, कारण असं भांडण विज्ञानात सहसा बघायला मिळत नाही. रिचर्ड वाइजमन हे शंका घेणारे आणि मर्लिन श्लिट्झ या विश्वास ठेवणाऱ्या. दोघांनी एकाच प्रयोगशाळेत, एकच उपकरणं वापरून एकत्र प्रयोग केला. बघणारा दुसऱ्या खोलीत, कॅमेऱ्यातून बघतोय, आणि ज्याच्याकडे बघितलं जातंय त्याच्या त्वचेचा घाम मोजला जातोय. 1997 साली निकाल आला तो असा, की श्लिट्झ यांच्या माणसांत परिणाम दिसला, वाइजमन यांच्या माणसांत नाही! दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं खरं झाल्यासारखं वाटलं असणार. पण दोघेही शहाणे होते, थांबले नाहीत. 2006 साली छापलेल्या तिसऱ्या फेरीत दोघांकडेही काही मिळालं नाही.

नजर जाणवायची तर डोळ्यातून काहीतरी बाहेर पडायला हवं. पडतं का? आपल्याकडच्या नैयायिकांचं उत्तर होतं, हो. 'न्यायसूत्रां'नुसार डोळ्याचं इंद्रिय तेजाचं बनलेलं. त्याचे किरण बाहेर जाऊन वस्तूला भिडतात तेव्हा ती दिसते. पुरावा काय, तर रात्री हिंडणाऱ्या जनावरांच्या डोळ्यांत हे किरण प्रत्यक्ष दिसतात. बौद्ध पंडितांनी त्यावर आक्षेप घेतला. डोळा वस्तूपर्यंत न जाताच बघतो असं त्यांचं म्हणणं. तिकडे ग्रीकांमध्ये युक्लिड आणि टॉलेमी किरण बाहेर पडतात या मताचे होते. 11व्या शतकात इब्न अल-हैथम या अरब विद्वानाने उजेड बाहेरून डोळ्यात येतो हे नीट मांडलं.

आणि बिबट्याच्या डोळ्यांतले निखारे? ते तुमच्याच बॅटरीचे. बिबट्या, मांजर, गाय यांच्या डोळ्यांत पडद्यामागे टॅपेटम नावाचा चकचकीत थर असतो. आत आलेला उजेड तो परत फेकतो, म्हणजे अंधुक उजेडातही पडद्याला त्याचा दोनदा उपयोग होतो. बॅटरी बंद करा, निखारे विझतात. माणसाच्या डोळ्यात तर हा थरही नाही. नैयायिकांचं निरीक्षण अचूक होतं, अर्थ तेवढा उलटा लावला गेला.

गंमत म्हणजे शाळेत उजेडाचा धडा शिकूनही ही समजूत आपल्यातून जात नाही. जेराल्ड वायनर आणि जेन कॉट्रेल यांनी अमेरिकेतल्या कॉलेजातल्या मुलांना विचारलं, तेव्हा बघताना डोळ्यातून काहीतरी बाहेर जातं असं म्हणणारे मोठ्या संख्येने निघाले. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मायकेल ग्राझियानो यांच्या गटाचा 2019 चा प्रयोग त्याहून मजेदार आहे. पडद्यावर कागदाची उभी नळी. ती किती तिरकी केली तर पडेल, एवढंच सांगायचं. बाजूला एक चेहरा, नळीकडे बघणारा. चेहरा ज्या बाजूने बघत होता त्या बाजूकडे नळी जरा जास्त झुकली तरी तग धरेल, असं लोकांनी धरून चालवलं. जणू नजरेचा नळीला टेकू आहे. फरक एक अंशापेक्षाही कमी. चेहऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली की तो फरकही नाहीसा. विचारलं तर हेच लोक म्हणणार, 'छे, नजरेला कुठे जोर असतो!' म्हणजे कोण कुठे बघतंय याचा हिशोब ठेवायला मेंदू आतल्या आत नजरेची एक काठी कल्पून ठेवतो. ती काठी पाठीला टोचल्यासारखी वाटते, यात नवल नाही.

आता चाहूल. इथे गोष्ट पुन्हा कॉर्नेलमध्येच जाते, आणि ज्यांनी ती पुढे नेली ते कार्ल डालेनबाख टिचनर यांचेच विद्यार्थी.

अनेक अंध माणसांना समोर भिंत आली, खांब आला की स्पर्शाआधी कळतं. कसं कळतं विचारलं तर त्यांच्यातले बरेच सांगत, चेहऱ्याला कळतं. कपाळाला, गालाला हलका दाब जाणवतो, जसं काही समोर पडदा धरलाय. जाणकारांनीही मग 'चेहऱ्याची नजर' असं नाव देऊन टाकलं होतं, आणि त्वचेला हवेचा दाब कळतो, उष्णता कळते, अशी स्पष्टीकरणं वर्षानुवर्षं चालली होती. ज्याला प्रत्यक्ष अनुभव येतो तोच सांगतोय म्हटल्यावर संशय कोण घेणार?

मायकेल सूपा, मिल्टन कॉट्झिन आणि डालेनबाख यांनी घेतला. यातले सूपा स्वतः अंध होते. 1944 साली छापलेल्या या प्रयोगात चार माणसं होती, दोन अंध आणि दोन डोळस. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. लांबलचक दालनातून भिंतीच्या दिशेने चालायचं. अडथळ्याची पहिली जाणीव झाली की सांगायचं, मग न धडकता जमेल तितकं जवळ जायचं. अंध माणसं हे सहज करायची. डोळस सुरुवातीला धडकले, पण सरावाने त्यांनाही जमायला लागलं.

मग एकेक दार बंद करायला सुरुवात झाली. बूट काढून मोज्यांवर, गालिच्यावर चालायला लावलं. जमलं, पण अंतर घटलं. भिंत आता अगदी जवळ आल्यावरच कळू लागली. पुढे चेहरा आणि हात जाड आवरणाने झाकून टाकले. हवेची झुळूकही आत जाऊ नये असं. 'चेहऱ्याची नजर' खरी असती तर आता सगळे धडकायला हवे होते. तसं झालं नाही. भिंत कळतच होती. शेवटी चेहरा मोकळा सोडला आणि कान घट्ट बुजवले. सगळे धडकले, प्रत्येक वेळी. ज्यांना आयुष्यभर खात्री होती की आपल्याला गालाने कळतं, ते मोकळ्या गालाने भिंतीवर आदळले.

एवढ्यावर न थांबता त्यांनी माणसालाच वेगळ्या, आवाज न येणाऱ्या खोलीत बसवलं. दालनात प्रयोग घेणारा मायक्रोफोन घेऊन भिंतीकडे चालत गेला, आणि खोलीतला माणूस हेडफोनवर फक्त त्याच्या पावलांचा आवाज ऐकत होता. भिंत जवळ आली हे खोलीत बसून त्याला सांगता येत होतं. 1947 साली डालेनबाख यांनी आणखी एका सहकाऱ्यासोबत ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशा माणसांना तपासलं. त्यांची त्वचा शाबूत होती, पण अडथळ्याची ही जाणीव त्यांच्यात नव्हती.

काम कान करतो आणि त्याचं श्रेय चेहऱ्याला जातं. पावलाचा आवाज भिंतीवरून परत येतो. जवळ येऊ तसा तो मूळ आवाजात मिसळून त्याची धार बदलते. हा बदल 'प्रतिध्वनी' म्हणून ऐकू येण्याइतका सुटा नसतो, म्हणून मनाला तो आवाज वाटतच नाही. मेंदू निष्कर्ष तेवढा वर पाठवतो, 'समोर काहीतरी आहे', आणि ही बातमी कुठून आली हे सांगत नाही. मग आपण ती जिथे जाणवली तिथूनच आली असं समजतो. अंध माणसाला ती गालावर जाणवते, आप्पांना मानेवर.

मानेवरचा काटा हा तर सरळसरळ परिणाम आहे. धोक्याचा सुगावा लागला की मेंदू शरीराला सावध करतो. छातीतली धडधड वाढते, केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात, केस उभे राहतात. हे सगळं 'मला आवाज आला' असं मनात शब्दांत उमटायच्या आधी होऊ शकतं. काटा सांगावा घेऊन येत नाही, सांगावा येऊन गेल्यावर काटा येतो.

तर मग आप्पांच्या कानाला त्या रात्री काय पोचलं असेल? उसात वाकून काम करताना आजूबाजूला पूर्ण शांतता कधीच नसते. पाटाचं पाणी वाहतंय, पाती एकमेकांवर घासतायत, खाली पाचट पडलंय आणि रातकिडे एकसुरी लागलेत. बिबट्याचा पंजा गादीसारखा मऊ असतो, तो पाचटावरही फारसा वाजत नाही. पण रातकिड्यांना जमिनीची थरथर कळते. कुणी जवळ आलं की तेवढ्या भागातले गप्प होतात. आपण रातकिड्यांचा आवाज ऐकतच नसतो, इतका तो सवयीचा असतो. तो एका बाजूने थांबला की मात्र काहीतरी बदललंय हे मेंदूला लागलीच कळतं. काय बदललं हे सांगता येत नाही. पाणी एका अंगाने वाजतंय, मागून येणारी पातींची सळसळ एका जागी दबलीय, कुत्रं लांबून एकदाच भुंकून गप्प झालंय. यातली एकही गोष्ट 'ऐकली' असं आप्पा म्हणणार नाहीत.

कानाची ही यंत्रणा जवळ येणाऱ्या गोष्टींकडे जरा जास्तच झुकलेली आहे. जॉन न्यूहॉफ यांनी 1998 साली दाखवलं की वाढत जाणारा आणि घटत जाणारा आवाज अगदी सारख्या प्रमाणात बदलला, तरी वाढणाऱ्यात बदल जास्त झाला असं लोकांना वाटतं. लांब जाणाऱ्याबद्दल चूक झाली तर बिघडत नाही. जवळ येणाऱ्याबद्दल उशीर झाला तर बिघडतं. माकडांच्या मेंदूत तर अशा पेशी सापडल्यात ज्या डोक्याच्या आसपास, हातभर अंतरात झालेल्या आवाजालाच दाद देतात. जर्मनीत 2020 साली झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. आपल्याला कुत्र्या-मांजरासारखे कान वळवता येत नाहीत, पण कानामागचे ते जुने स्नायू अजून आहेत, आणि मागून अनपेक्षित आवाज आला की त्या बाजूचे स्नायू किंचित आखडतात. कान वळत नाही. वळायचा प्रयत्न मात्र करतो.

डोळ्याच्या कडेचंही थोडं श्रेय आहे. दोन्ही डोळ्यांनी मिळून आपल्याला आडवं जवळपास 200 अंश दिसतं, म्हणजे कानाच्या रेषेच्या जरा मागचंही. कडेला अक्षर वाचता येत नाही, रंगही धड कळत नाही, पण हालचाल पकडली जाते. आणि न दिसताही दिसणं हा प्रकार खरोखर आहे: मेंदूतला दृष्टीचा भाग निकामी झालेली काही माणसं 'मला काही दिसत नाही' म्हणत असतानाच समोरच्या वस्तूची जागा बरोबर दाखवतात. लॉरेन्स वाइसक्रांट्झ यांनी 1970 च्या दशकात हे उजेडात आणलं. 2013 साली अशाच एका पूर्ण आंधळ्या झालेल्या रुग्णाला चेहऱ्यांची चित्रं दाखवली, तर सरळ रोखून बघणाऱ्या चेहऱ्यांना त्याच्या मेंदूतला अमिग्डाला हा भीतीशी संबंधित भाग जास्त दाद देत होता. म्हणजे रोखलेली नजर नकळत ओळखली जाते, हे खरं निघालं. फक्त ती नजर डोळ्यांसमोर असावी लागते. त्या रुग्णाचे डोळे शाबूत होते. पाठीमागे असं काहीच नाही.

उसाचे फड आणि इथली जंगलं यांच्यात आता सीमा राहिलेली नाही. कोयना आणि चांदोली मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, पण बिबट्याचा संसार त्याबाहेर, उसातही चालतो. ऊसतोड सुरू झाली की फडात बछडी सापडल्याची बातमी दर हंगामात येते. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजणी केली. 2013 साली छापलेल्या त्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे साधारण पाच बिबटे निघाले, तेही चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा बागायती भागात. पुढे गळ्यात यंत्र बसवलेल्या बिबट्यांचा माग काढला, तर ते रात्री घरांच्या अगदी जवळून जात होते. लोक आत झोपलेले किंवा अंगणात बसलेले. नजर पाठीला टोचत असती तर या तालुक्यांत रात्री कुणाला डोळाच लागला नसता. आप्पांना बिबट्या एकदा कळला. न कळता तो किती वेळा बांधावर बसून गेला असेल, याचा हिशोब त्यांच्याकडे असणं शक्यच नाही.

उलट बाजूही आहे. चाहूल लागते तशी ती खोटीही लागते, आणि बहुतेक वेळा खोटीच. वस्तीवरचं कुत्रं पान हललं तरी भुंकतं, म्हणून कुणी त्याला हाकलून देत नाही. दहा वेळा उगाच भुंकण्याचा त्रास एकदा न भुंकण्यापेक्षा परवडतो. मेंदू तसाच बांधलेला आहे. 2013 साली झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्याचे डोळे जितके अस्पष्ट केले तितकं लोक 'हा माझ्याकडेच बघतोय' असं धरून चालले. शंका आली की मेंदू आपल्या बाजूने कौल देतो.

मागे कुणी आहे ही जाणीव तर प्रयोगशाळेत मुद्दाम तयार करता येते. स्वित्झर्लंडमधले ओलाफ ब्लँके यांनी 2014 साली लोकांचे डोळे बांधले आणि त्यांना समोरच्या यंत्राचा एक दांडा हलवायला दिला. त्याच वेळी मागचं यंत्र तीच हालचाल त्यांच्या पाठीवर करत होतं. दोन्ही बरोबर चाललं तेव्हा आपणच आपल्या पाठीला हात लावतोय असं वाटलं. पाठीवरचा स्पर्श अर्धा सेकंद उशिराने यायला लागला, तशी काहींना खोलीत दुसरं कुणीतरी असल्याची जाणीव झाली. काहींनी घाबरून प्रयोग थांबवायला सांगितला. खोलीत त्यांच्या मागे कुणी उभं नव्हतं. आपल्याच हालचालीचा मेंदूतला हिशोब चुकला की उरलेली बाकी 'दुसऱ्या कुणाच्या' नावावर पडते. दमलेला, जागरणाने आंबलेला माणूस पहाटे तीनला उसात उभा असतो, तेव्हा हे हिशोब चुकायला यंत्राची गरज लागत नसावी.

नजर ओळखण्याचा उपयोग बिबट्याला मात्र होतो. दबा धरून शिकार करणाऱ्याला सावज आपल्याकडे बघतंय असं वाटलं की तो बेत सोडतो. सुंदरबनात लोक डोक्याच्या मागे मुखवटे बांधून जंगलात जायचे ते याच आशेवर. बोत्स्वानात याची नीट चाचणी झाली: गायींच्या ढुंगणावर मोठे डोळे रंगवले. 2020 साली आलेल्या निकालात चार वर्षांत डोळे रंगवलेल्या 683 गायींपैकी एकही मारली गेली नव्हती. नुसती फुली रंगवलेल्या 543 पैकी 4 आणि काहीच न रंगवलेल्या 835 पैकी 15 गेल्या. पण यातही बिबट्या किंवा सिंह डोळे बघतो, आपल्याच डोळ्यांनी. तो प्राणी हुशार आहे, खरे-खोटे डोळे ओळखायला कधी शिकेल सांगता येत नाही, आणि माणसाने पाठीवर डोळे रंगवून दारं धरायला जावं असं मी सुचवत नाही.

माझा आग्रह वेगळ्या गोष्टीसाठी आहे. हल्ली तरणी पोरं रात्री पाण्यावर जाताना दोन्ही कानांत इअरफोन घालून गाणी लावतात, सोबत होते म्हणून. डालेनबाख यांच्या भिंतीवर कान बुजवलेली माणसं आदळली होती. आप्पांच्या ज्या मानेबद्दल वस्तीवर इतकं कौतुक आहे, ती मान कानावर चालते. गाणी लावायचीच तर मोबाइलचा स्पीकर मोठा करून लावा. बिबट्यालाही तुमची चाहूल लागू दे. तो बहुधा वाट बदलेल.

नजरेचं घरच्या घरी तपासायचं असेल तर ते सोपं आहे, फक्त काही पथ्यं पाळावी लागतात. बघणारा आणि बसणारा एका खोलीत नकोत. मधे बंद काच असावी, म्हणजे कापडाची सळसळ, श्वास, खुर्चीची कुरकुर पोचणार नाही. दर वेळी बघायचं की नाही हे नाण्याने ठरवायचं, मनाने नाही. सुरुवात झाल्याची खूण दोन्ही वेळी तीच, मोबाइलचा एक टोन. उत्तर बरोबर की चूक हे शेवटपर्यंत सांगायचं नाही. अशा 20 फेऱ्या घ्या. 12 बरोबर आली तर मिशीला पीळ देऊ नका. निव्वळ नशिबाने दर चारातल्या एकाला 12 किंवा जास्त मिळतात. 15 किंवा जास्त मिळवणारे शंभरात दोनच. आणि कुणाची 18 आली, तर आधी समोरच्या कपाटाच्या काचेत मागचं प्रतिबिंब दिसतंय का ते बघा, कपाटावर चादर टाका आणि पुन्हा 20 फेऱ्या घ्या.